धाकटी जाऊ इन्चार्ज झाली

आधी एक सांगून टाकते. माझी धाकटी जाऊ आमच्या धुलाई कारखान्यात इन्चार्ज झाली, तेव्हा मला आनंद बिनंद काही झाला नव्हता. लोक विचारतात, "काय हो, घरातच साहेबीण आली, अभिमान वाटला असेल ना?" मी मान डोलावते. पण खरं सांगायचं तर माझा नुसता तिळपापड झाला होता. एकोणीस वर्षं मी त्या टेबलाशी उभी. हिला तिथे चिकटवली कोणी? मी. पहिल्या दिवशी हातमोजे कुठे मिळतात ते दाखवलं कोणी? मीच. आणि मोठ्या साहेबांनी सगळ्यांना गोळा करून नाव पुकारलं ते हिचं! टाळ्या मीही वाजवल्या. कशा वाजवल्या, ते माझ्या तळहातांनाच ठाऊक.

आमचं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. आम्ही हॉस्पिटलचे कपडे धुतो. मळक्या कपड्यांची निवड, मग धुलाई, मग वाळवणी, मग इस्त्रीचे गरम रोलर आणि सगळ्यात शेवटी आमचं घडीचं टेबल. यातला मानाचा कपडा म्हणजे ऑपरेशनची हिरवी चादर. ती आधी दिव्याच्या टेबलावर जाते. हे टेबल काचेचं आणि त्याला खालून दिवे. वर चादर पसरली की सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी लख्ख चमकतं. भोक दिसलं की ठिगळ लावायचं. तिथे आमची चष्मेवाली बसते. तिचा चष्मा जाड, पण नजर अशी की माशीचा पाय मोडला तरी तिला दिसेल. चादरींची ढकलगाडी तपासून झाली की ती दांड्याला पांढरी पट्टी बांधते. पट्टीवाली गाडीच आम्ही घडीला ओढायची.

घडीही साधीसुधी नाही. सिस्टरने दोन टोकं धरून झटकली की चादर आपोआप उलगडली पाहिजे आणि आतली बाजू कुठेही लागता कामा नये. घडी उलटी पडली की चादरी, टॉवेल, गाऊन असं बांधलेलं अख्खं गाठोडं बाद. मग हॉस्पिटल ते परत पाठवतं. कोणी बांधलं ते कळावं म्हणून प्रत्येक गाठोड्यात आपापल्या नंबराची चिठ्ठी टाकायची. माझा नंबर एकोणीस. नोकरीला वर्षंही तेवढीच झाली, हा आपला योगायोग.

आधीच्या इन्चार्जला आम्ही फळेवाले साहेब म्हणायचो. ते आले आणि त्यांनी दारातच एक भला मोठा फळा लावला. कोणाचं गाठोडं परत आलं, की त्याचा नंबर लाल खडूने फळ्यावर. दिवसभर येणारा-जाणारा वाचणार. ड्रायव्हर वाचणार, चहावाला वाचणार. त्यांना वाटलं, लाजेकाजेने तरी चुका कमी होतील. आणि काय सांगू, झाल्या की हो कमी! दोन महिन्यांत आमचे सगळ्यांचे नंबर फळ्यावरून गायब. फक्त एकच नंबर उरला. बारा.

बारा नंबर म्हणजे आमचे काका. गरीब माणूस, उभ्या जन्मात कोणाला मोठ्याने बोलले नाहीत. ते निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, पण त्यांच्या नंबराच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे कपाटात तसेच पडून होते. मग काय, घडीबद्दल जरा शंका आली, टॉवेल मोजताना चुकल्यासारखं वाटलं, की लोक आत बारा नंबरची चिठ्ठी सरकवायचे. पुन्हा उघडून बघायला वेळ कोणाला होता? एकदा तर ऑफिसातून बारा नंबरला कडक ताकीद देणारं पत्र निघालं. काका बिचारे घरी नातवंडं खेळवत बसले होते. महिन्याला पस्तीस गाठोडी परत यायची आणि त्यातली तीस काकांची! फळेवाले साहेब कपाळाला हात लावून म्हणायचे, "हा बारा नंबर मला एकदा समोर आणा." आम्ही सगळे एकमेकांकडे बघत गप्प. शेवटी तेच नोकरी सोडून गेले.

त्यांच्या जागी ही आली. धाकटी. घरात आम्ही तिला धाकटीच म्हणतो. लग्न होऊन आली तेव्हा अंगाने काडी, पण तोंड असं चालायचं की सासूबाई म्हणायच्या, "हिला श्वास घ्यायला सांगा कोणीतरी." प्रत्येक गोष्टीला हिचं "का?" पातेलं या फळीवर का? पुसणं त्या खिळ्याला का? मी वैतागून कारखान्यात नेली, म्हटलं तिथे तरी यंत्रांच्या आवाजात गप्प बसेल. चार वर्षं मळक्या कपड्यांच्या निवडीला होती. ते काम सगळ्यात वाईट. वास जात नाही अंगाचा. मग चार वर्षं माझ्या शेजारी घडीला. तिथेही "का?" सुरूच.

मोठ्या साहेबांनी तिला जागा दिली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. हॉस्पिटलने निर्वाणीचं सांगितलं होतं. परत येणारी गाठोडी पस्तिसांवरून दहाच्या आत आली तर ठीक, नाहीतर धाकटी पुन्हा निवडीला आणि तिच्या जागी बाहेरचा माणूस. घडीच्या टेबलावरसुद्धा नाही, थेट मळक्या कपड्यांत. त्या दिवशी भांडी घासताना ती मला म्हणाली, "ताई, आयुष्यात एकदा तरी मला काहीतरी नीट चालवून बघायचंय. हे हुकलं तर पुन्हा मला कोण विचारणार?" मी म्हटलं, "आधी ते पातेलं नीट घास." असा माझा स्वभाव.

पहिला महिना म्हणजे निव्वळ करमणूक. कंपनीने तिला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. तिथे कोणीतरी सांगितलं की माणसांचं कौतुक करावं. बाईसाहेब परत आल्या त्या कौतुकाचा नळ सोडूनच! रोलरवालीला "वा, छान!" ड्रायव्हरला "वा, छान!" बॉयलरवाला भिंतीला टेकून विडी शोधत होता, त्यालाही "वा, छान!" तो घाबरून दिवसभर बॉयलरपासून हललाच नाही. त्याला वाटलं, आपल्यावर पाळत ठेवलीय. मी घरी सगळ्यांसमोर तिची नक्कल केली. धाकटे दीर हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. तीही हसली, पण दुसऱ्या दिवसापासून नळ बंद.

मग दुसरं खूळ. सगळं स्वतःच करायचं. कोणाची घडी वाकडी दिसली की हातातून घेऊन हीच घालणार. टॉवेल कमी पडले की हीच धावणार. पंधरा दिवसांत लोक इतके सोकावले की घडी अर्धी घालून "मॅडम" म्हणून हाक मारायचे. एका दिवशी दुपारी मी बघते तर आम्ही सगळ्या जणी उभ्या आणि इन्चार्ज एकटी घड्या घालतेय, घामाघूम. मी म्हटलं, "काय गं, तुला बढती मिळालीय की शिक्षा?" तिने हातातली चादर खाली ठेवली. महिन्याअखेर परत आलेली गाठोडी किती? सदतीस. वाढली होती!

आता बारा नंबरचं गुपित हिला ठाऊक नव्हतं असं नाही. चार वर्षं आमच्यातच होती ती. तिने ठरवलं असतं तर चिठ्ठ्यांचे गठ्ठे जाळून टाकले असते, गाठोड्यांवर पहारा बसवला असता. माझी घडी तर ती डोळे मिटून ओळखते. मी वाटच बघत होते की कधी एकदा ही आम्हाला पकडते आणि मी हिला सगळ्यांसमोर सुनावते.

पण तिने केलं भलतंच. एका सोमवारी आम्ही कामावर आलो तर फळा स्वच्छ पुसलेला आणि त्यावर तिच्याच गोल गोल अक्षरात लिहिलेलं: "बारा नंबरच्या चिठ्ठीची माझी गाठोडी, सात. चार उलट्या घड्या, दोनदा टॉवेल कमी, एकदा गाऊनची नाडी तुटकी." खाली तिचं नाव. त्याच्याखाली, "तुमच्या लक्षात आलं तर इथे लिहा. कोण चुकलं ते मी विचारणार नाही. काय चुकलं आणि किती, एवढंच विचारणार."

सगळे फळ्यासमोर जमले. चष्मेवाली म्हणाली, "हे काय नवीन?" रोलरवाली म्हणाली, "सापळा आहे, बाई. कोणी लिहू नका." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळ्यात जुनी ना. मी म्हटलं, "नाटकं आहेत सगळी," आणि पदर खोचून टेबलाशी गेले. बस्स. एकानेही खडू उचलला नाही.

त्यातच आमचं जोरदार वाजलं. कारण ऐका. माझं टेबल खिडकीपाशी. एकोणीस वर्षं खिडकीपाशी. पाठीला वारा, डोळ्याला उजेड. एक दिवस येऊन बघते तर माझं टेबल तिथे नाहीच! धाकटीने ते उचलून मधोमध, दिव्याच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवलं होतं. का, तर म्हणे तपासणारी आणि घडी घालणारी जवळ असल्या की एकमेकींना विचारता येतं. मला विचारलं? नाही. सांगितलं? नाही. माझं डोकंच सणकलं. "मी काय कपाट आहे का, उचललं आणि ठेवलं?" सगळ्यांदेखत तिला फाडफाड बोलले. घरी गेल्यावर अबोला. मीठ हवं असलं तर मी सासूबाईंना सांगायची, सासूबाई तिला सांगायच्या, ती सासूबाईंकडे द्यायची. आमचे हे म्हणाले, "या घरात ऑफिसपेक्षा जास्त कागदपत्रं फिरायला लागली."

तिसऱ्या दिवशी फळ्यावर तिची आठवी चूक. "ताईंना न विचारता त्यांचं टेबल हलवलं." दुपारी ती माझ्यापाशी आली आणि उभ्यानेच म्हणाली, "ताई, चुकलं माझं. टेबल परत नेऊ का? नेमकं काय कुठे हवं ते तुम्ही सांगा." मी घडी घालत राहिले. पण टेबल न्यायला माणसं आली तेव्हा म्हटलं, "राहू दे आता. चार दिवस बघते." आतून जरा बरं वाटलं होतं. ते दाखवेन तर ती मी कसली!

दुसरा महिना संपला, सव्वीस गाठोडी परत. कमी झाली, पण दहा कुठे आणि सव्वीस कुठे. धाकटीचं जेवण कमी झालं. आवाजही कमी झाला, आणि तो कमी झाल्यावर घर कसं सुनं वाटतं ते मला तेव्हा कळलं. तिसऱ्या महिन्याचा पहिला आठवडा गेला.

आणि मग तो दिवस. भयंकर उकाडा. सकाळी मी माझा पांढरा रुमाल नळाखाली धुतला आणि वाळायला म्हणून जवळच्या एका गाडीच्या दांड्याला बांधला. आमच्याकडे ही सगळ्यांचीच सवय. चार यंत्रं कपडे वाळवत असतात आणि आम्ही आपले रुमाल दांड्यांवर वाळवतो. दुपारी चादरी संपल्या, मी वळले, दांड्याला पांढरं बांधलेली गाडी दिसली, ओढली. बावीस चादरी. भराभरा घड्या घातल्या, गाठोडी बांधली, माझ्या नंबराच्या चिठ्ठ्या टाकल्या. अगदी नीट काम. बघत राहावं असं. गाठोडी हॉस्पिटलला जाणाऱ्या गाडीत चढली.

मग घाम पुसायला मी रुमाल शोधला. खिशात नाही, टेबलावर नाही. आणि रिकाम्या गाडीच्या दांड्याकडे नजर गेली.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. ती पट्टी नव्हती. माझा रुमाल होता. त्या बावीस चादरी दिव्याच्या टेबलावर गेल्याच नव्हत्या. एखादीला भोक असलं तर? ऑपरेशनच्या वेळी त्यातून काय आत जाईल, काय बाहेर येईल? आणि हॉस्पिटलची गाडी सुटायला जेमतेम पाव तास.

मी गेले. गाडीपाशी गेले आणि धाकटीला म्हटलं, "बावीस चादरी तपासल्याविना गेल्यात. माझ्या हातून." त्याच वेळी आतून कोण येत असेल? मोठे साहेब! नेमके त्याच दिवशी पाहणीला आलेले. मी मनात म्हटलं, झालं, आता ही माझं नाव घेऊन मोकळी होणार. हातात संधी चालून आलीय.

ती मोठ्या साहेबांकडे बघायलाही तयार नाही. मला म्हणाली, "बावीस नक्की? कुठल्या गाठोड्यांत?" मी सांगितलं, अकरा गाठोड्यांत, माझ्याच चिठ्ठीची. ती ड्रायव्हरला म्हणाली, "किल्ली काढा. सगळी गाठोडी खाली घ्या." ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, उशीर झाला तर तो आपल्या नावावर लागेल." ती म्हणाली, "लागू दे. मी आधी हॉस्पिटलला फोन करते." मोठे साहेब विचारत राहिले, "अरे, पण हे केलं कोणी?" आणि ही आपली म्हणते, "साहेब, जरा बाजूला उभे राहता का? तिथे गाठोडी ठेवायचीत." मोठे साहेब खरंच बाजूला झाले! तसल्या परिस्थितीतही मला हसू आवरावं लागलं.

सत्तर गाठोड्यांतून माझी अकरा शोधली. चष्मेवालीने एकेक चादर दिव्यावर पसरली. आम्ही सगळे तिच्याभोवती श्वास रोखून. सहावीला एक भोक. चौदाव्या चादरीला दोन. पुढच्या आठ निर्मळ. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, हे तसंच गेलं असतं तर माझ्या माथी आलं असतं. तपासते तर मी एकटीच." मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, धाय मोकलून. धाकटीने पाणी आणून दिलं.

रडू आवरल्यावर मी फळ्यापाशी गेले आणि खडू उचलला. "एकोणीस नंबर. स्वतःचा रुमाल पट्टी समजून बावीस चादरी न तपासता बांधल्या." माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लिहून वळले तर मागे रोलरवाली उभी. म्हणाली, "ताई, खडू द्या. माझंही एक आहे, सकाळचं." तिच्या मागे आणखी एक जण. बॉयलरवाल्यानेसुद्धा येऊन लिहिलं की वाफ कमी पडली होती, मी बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून दांड्याला पांढऱ्याऐवजी लाल पट्टी आली. ती चष्मेवालीने सुचवली, धाकटीने नाही. रुमाल वाळवायला खिडकीपाशी दोरी आली. ती मी बांधली.

पुढचे तीन आठवडे फळ्याला उसंत नव्हती. लोक गाठोडं बांधून झाल्यावरसुद्धा ओरडायचे, "थांबा, माझं एक उघडू दे!" बारा नंबरच्या चिठ्ठ्या कपाटात तशाच होत्या, कोणी कुलूप लावलं नव्हतं. पण त्यांना हात लावायची कोणाला गरजच उरली नाही.

तीन महिने भरले त्या दिवशी मोठे साहेब आले. बरोबर हॉस्पिटलच्या मुख्य सिस्टर. उंच, कडक बाई, हसणं घरी ठेवून आलेल्या. मोठे साहेब सरळ फळ्यापाशी गेले आणि मोजायला लागले. मोजता मोजता चेहरा पडत गेला.

"एक्क्याण्णव? एका महिन्यात एक्क्याण्णव चुका? अहो, फळेवाल्यांच्या वेळी पस्तीस होत्या!"

धाकटी म्हणाली, "साहेब, त्या पस्तीस हॉस्पिटलला सापडलेल्या होत्या. या आम्हाला सापडल्यात."

"चूक ती चूक. आणि गाडीला उशीर झाला तो वेगळाच. आपलं काय ठरलं होतं ते तुमच्या लक्षात आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. मान खाली. बोटांनी ओढणीचं टोक पिळत होती. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा चहा सांडला होता ना तिच्या हातून, तेव्हा अशीच उभी होती.

मला नाही बघवलं. मी पुढे झाले. "साहेब, या एक्क्याण्णवातल्या नऊ माझ्या आहेत. कुठल्या ते वाचून दाखवू का?" मोठे साहेब दचकले. मागून रोलरवाली म्हणाली, "माझ्या अकरा." चष्मेवाली म्हणाली, "माझ्या चार, पण त्यातली एक जरा वादातली आहे." बॉयलरवाला मागून ओरडला, "दोन!" ड्रायव्हरही म्हणाला, "एक मीपण लिहिलीय, रस्ता चुकलो होतो." एकेक जण असा अभिमानाने आकडा सांगायला लागला की मोठे साहेब खुर्ची शोधून खाली बसले.

मग मुख्य सिस्टर बोलल्या. "या महिन्यात मला किती गाठोडी परत पाठवावी लागली माहीत आहे? चार." त्यांनी चार बोटं दाखवली. "आणि दोनदा इथून फोन आला, मी गाठोडं उघडायच्या आधी. अमुक गाठोडं बाजूला ठेवा, आम्हाला शंका आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा फोन मला कोणत्याही धुलाईवाल्याकडून आलेला नाही. गाडी उशिरा आली तर मी दुसरी चादर काढते. चादरीला भोक असलं तर मी काय करू?"

"पण सिस्टर, एक्क्याण्णव..." मोठे साहेब म्हणाले.

"तुम्हाला न चुकणारी माणसं सापडली तर पत्ता द्या. आधी मीच माझ्या वॉर्डात भरती करते."

मोठ्या साहेबांनी डोकं खाजवलं, फळ्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग धाकटीला म्हणाले, "बरं. राहा तुम्हीच. पण या फळ्यावर शून्य कधी दिसणार?"

ती म्हणाली, "ज्या दिवशी शून्य दिसेल, त्या दिवशी आधी मला ऑफिसात बोलवा, साहेब. काहीतरी लपतंय समजा." मुख्य सिस्टरांना हसू आलं. तेवढंच, पण आलं. आणि आम्ही जो गलका केला, तो रोलरच्या आवाजावर चढला.

संध्याकाळी आम्ही दोघी घरी चालत निघालो. आधी तिने भाजीवाल्यापासून हवेपर्यंत सगळ्यावर तोंड चालवलं. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला रुमाल दिसला तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते. चेहरा पांढराफटक पडला होता तुमचा. तिथून गाडी वीस-पंचवीस पावलांवर. तुम्हाला यायला दहा मिनिटं का लागली?"

मी रस्त्यातच थांबले. खोटं बोलायची सोय नव्हती. म्हटलं, "गप्प बसावं का, याचा विचार करत होते. भोक निघालं तरी चष्मेवालीच्या माथी जाणार, माझं नाव येणार नाही. आणि तुझी जागा जाईल. दहा मिनिटं मी तुझं वाईट चिंतलं, ऐकलंस? जा आता, सांग घरी सगळ्यांना."

मला वाटलं रडेल, नाहीतर भडकेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. पोट धरून. येणारे-जाणारे वळून बघायला लागले.

"दहाच मिनिटं? ताई, मी तर तीन महिने रोज तुमचं वाईट चिंतत होते. देवा, ताईंच्या हातून एक तरी चूक होऊ दे. चांगली मोठी, लपवता न येण्यासारखी."

"अगं सटवे!"

"मग काय करू? माझ्या आठ चुकांनी एक माणूस हलला नाही. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही बोललात की सगळे बोलतील, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर तुमचं टेबल मधोमध आणलं, सगळ्यांना दिसेल असं. आणि तुम्ही! चुकायलाच तयार नाही!"

"आणि चुकलेच नसते तर?"

"तर आज निवडीला गेले असते," ती डोळे पुसत म्हणाली. "पण तुम्ही चुकाल आणि गप्प बसाल, असं काही माझ्या मनात कधी आलंच नाही."

मी पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. मी दहा मिनिटं तिथे उभी असताना ती मला बघत होती. हाक मारली नाही, विचारलं नाही. सगळं पणाला लागलेलं असताना ती तशीच उभी राहिली, मी येईन म्हणून.